नव्या चिन्नोरचं पान

भूमेश्वरी रहांगडाले आठ वर्षांची असताना तिने मला एक प्रश्न विचारला होता. मी तिला बापाकडे पिटाळलं होतं.

साल १९९९. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये शेलरवर होतो. शेलर म्हणजे धानाचं टरफल काढणारं यंत्र. आमच्याच गावचे शालीकराम रहांगडाले धान घेऊन मिलवर आले, सोबत ही पोरगी. बाप काट्याजवळ उभा होता. पोरगी माझ्याकडे आली, शिवून ठेवलेल्या पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बकारामकाका, हे पोतं आता कोठं जाते?"

"ट्रकात."

"ट्रक कोठं जाते?"

"मालगोदामात. मंग रेल्वेनं पुढं."

"मंग कोन खाते?"

"मले का मालूम? जा, बापाजवळ जा. पट्ट्यात फ्रॉक अडकंल."

मी त्या मिलमध्ये चौतीस वर्षं काम केलं. आधी हमाली, मग शेलर. आपण सोललेला तांदूळ कोण खातो हे मला कधी कळलं नाही. तिने विचारेपर्यंत ते विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.

ती पुढे गोंदियाला पॉलिटेक्निकमध्ये शिकली. मग नागपूरला एका लहान ऑफिसात वेबसाइट बनवायच्या कामाला लागली. २०१२ साली नोकरी सोडून गावात परत आली. आमचं गाव कोहमाऱ्याच्या चौकापासून चार किलोमीटर आत. सडक अर्जुनीचा बाजार जवळ, बाकी सगळं दूर. शिकलेली पोरगी परत आली म्हणजे काहीतरी बिघडलं, असं गावाने धरलं. तिची आई सुशिलाबाई नळावर रोज उत्तरं देऊन थकली. शेवटी पोरीनेच सांगितलं, "काम मी करायची, नाव ऑफिसचं व्हायचं. लाइट आन् नेट असलं की हे काम कोठूनबी होते. मंग घरूनच काऊन नाही करू?"

माझं घर तिच्या घराला लागून आहे. तेव्हा मी कामातून मोकळा झालो होतो आणि दिवसभर अंगणात असायचो. खुर्चीत बसून केलेलं काम हे काम आहे, असं मला वाटत नव्हतं. मी कामाकडे एकाच रीतीने पाहतो. माणूस ते किती वेळा करून पाहतो, आणि चूक निघाली की कुठपासून पुन्हा सुरू करतो. खुर्चीतल्या माणसाचं हे बाहेरून दिसत नाही.

भूमेश्वरीचं मात्र दिसत होतं, कारण ती छतावर बसायची. नेटचं डोंगल घरात चालत नव्हतं. छताच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, तेवढ्याच जागी चालायचं. तिने तिथे चार बांबू रोवले, वर टिन टाकलं, खाली पाट मांडला. मे महिन्यात त्या टिनाखाली ती ओला गमछा डोक्यावर घेऊन बसायची. शेलरजवळची गरमी मला माहीत आहे. ती गरमी त्याहून कमी नव्हती.

एकदा मी जिना चढून वर गेलो.

"का करून राहिली?"

"हलकं करून राहिली, काका."

"का हलकं?"

"हे पान. या फोटोचं वजन जास्त आहे. दहावा हिस्सा करतो आन् तरी साफ दिसला पाहिजे."

"फोटोले बी वजन असते?"

"सगळ्याले असते जी. ज्याच्या फोनवर नेट कमी, त्याले ते ओढाव लागते. ओढत नाही म्हटलं की माणूस दुसऱ्या दुकानात जाते."

ते पान, म्हणजे वेबसाइटचं पान, ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाचं होतं. तो मधमाश्यांच्या पेट्या विकतो. तिने त्याला पाहिलेलं नाही, त्याने तिला पाहिलेलं नाही. त्याच्या पेटीच्या फोटोतल्या खिळ्याचं डोकं नीट दिसत नव्हतं, म्हणून ती सकाळपासून तोच फोटो करत होती. अकराव्या वेळी तिला पटलं. मी तांदळातला खडा, कणी, कोंडा वेगळा करण्यात आयुष्य घालवलं. काढून टाकणं हे किती कठीण काम आहे ते मला कळतं. त्या दिवसापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

लाइट गेली की ती सायकलने कोहमाऱ्याला, चुन्नीलालच्या ढाब्यावर जायची. तिथे जनरेटर होतं. लॅपटॉप चार्जिंगला लावायची आणि बसलेल्या ड्रायव्हरांना आपली पानं उघडून पाहायला सांगायची. नागपूर-रायपूर रस्त्यावर ओडिशापासून गुजरातपर्यंतचे ट्रक थांबतात. ड्रायव्हरांचे फोन साधे, काच फुटलेले, मेमरी भरलेली. तिला तेच फोन हवे असत. मी एकदा चहाला बसलो असताना पाहिलं. एक सरदारजी ड्रायव्हर म्हणाला, "बेटी, ये क्या खुलवा रही है? मेरे फोन में कुछ घुस तो नहीं जाएगा?"

"नहीं चाचा. बस, खुलने में कितनी देर लगती है वो देखना है."

ती घड्याळ पाहत मोजायची. चुन्नीलाल तव्याजवळून म्हणायचा, "माह्या ढाब्यावर लोक रोटीची वाट पाह्यतात, ही पानाची पाह्यते."

"रोटीले उशीर झाला तर गिऱ्हाईक बसून राहते, दादा. पानाले उशीर झाला तर उठते."

उशीर झाला की ती तिथेच लॅपटॉप उघडून काहीतरी कमी करायची आणि पुढच्या ट्रकची वाट पाहायची.

नेटवरच्या धंद्याबद्दल ती फार बोलत नसे. पण मी विचारलं तर सांगायची. २०१० च्या आसपास प्रत्येकाला हलणारी अक्षरं आणि वाजणारं गाणं पाहिजे होतं, म्हणाली. मग सगळे फेसबुककडे धावले. आता कंप्यूटर मागे पडून राहिले, दोन वर्षांत सगळं फोनवर येईल. "दुकान उघडणं सोपं झालं, काका. म्हणून दुकानं वाढली. भरवसा मात्र वाढला नाही. पुढं ज्याच्यावर भरवसा, त्याचंच दुकान चालंल." हे तिने २०१३ साली छतावर बसून सांगितलं. मी ऐकून घेतलं. पुढे तिच्यावरच वेळ आली.

आमच्याकडे चिन्नोर नावाचा बारीक, सुगंधी धान होतो. एका घरात शिजला तर तिसऱ्या घरी कळतं. पण तो उशिरा निघतो, एकरी कमी होतो, म्हणून लोकांनी लावणं सोडलं होतं. भूमेश्वरीने २०१३ च्या पेरणीआधी गावात घरोघर जाऊन सांगितलं, चिन्नोर लावा, मी नेटवर थेट खाणाऱ्याला विकते. अकरा जणांनी ऐकलं. त्यांत तिचा बाप होता, त्याने एकच बांधी, म्हणजे शेताचा एक तुकडा, दिली. आणि दुर्गाप्रसाद बिसेन होते. गावात सगळ्यांत जास्त शेती त्यांची. ते जे लावतील ते बाकीचे लावतात.

दुर्गाप्रसाद तिच्या दारात आले तेव्हा मी अंगणात होतो.

"तुह्या दुकानाले शटर नाही, पाटी नाही. दाखव तरी कोठं आहे."

तिने फोन दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"एवढंसं?"

"एवढंसंच जी. पण याच्यासमोर किती लोक उभे राहू शकतात, ते मोजता नाही येत."

डिसेंबरात धान निघाला. मी प्रत्येकाचा दाणा दाताखाली धरून पाहिला. कट्‌ आवाज आला तरच मिलवर न्यायचा, नाहीतर परत उन्हात. दोन जणांचा परत पाठवला, त्यांनी तोंड वाकडं केलं. तांदूळ चांगला निघाला. भूमेश्वरीने फोटो काढले, पान केलं. शेतकऱ्यांची नावं, गाव, धान कधी कापला, सगळं लिहिलं.

पान बनताना सुशिलाबाई म्हणाली, "लिह्य ना, नवा तांदूळ आहे, कुकरात टाकू नका. गंजात शिजवा, पेज काढा."

भूमेश्वरी हसली. "आई, भात कसा रांधायचा हे बी लोकायले सांगू? पान जड होते."

आम्हीही हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो असेन. आमच्याकडे पौष महिन्यात नवा तांदूळ आला की कुकर आपोआप फळीवर जातो. गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, भरपूर पाणी उकळतं, तांदूळ पडतो, दाणा बोटाने दाबून पाहिला की पेज काढतात आणि झाकण ठेवून निखाऱ्यावर ठेवतात. नव्या दाण्याला पाणी सोसत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याला हे माहीत नाही असा माणूस जगात असेल, हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पाच-पाच किलोच्या शंभर पिशव्या जानेवारीत गेल्या. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. भाताची खळ झाली. गोळा झाला. एकाने लिहिलं, रेशनचा तांदूळ मिसळला. कोल्हापूरच्या एका बाईंनी ताटातल्या खळीचा फोटोच पानावर टाकला, सगळ्यांना दिसेल असा. खाली लिहिलं, फसवणूक. सत्तावीस तक्रारी झाल्या. नवीन मागणी थांबली. बाकीचा माल तिच्या घराच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला होता.

दुर्गाप्रसाद आले. ते ओरडले नाहीत.

"पोरी, मी साफ बोलतो. होळीपर्यंत हा माल गेला नाही, तर पुढच्या साली चिन्नोर सोडून मोठ्या दाण्याचा धान लावू. सरकारी खरेदी केंद्रावर कोणी भात रांधून नाही पाह्यत."

"होय जी."

"मी सोडलं की बाकीचे बी सोडतील. मंग चिन्नोरचं नाव नको घेजो गावात."

"नाही घेणार."

ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. फोनमधला खळीचा फोटो पुढे धरला. "काका, तुम्ही चौतीस वर्षं तांदूळ पाह्यला. सांगा, हे काऊन झालं?"

मी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "कुकरात टाकला. अडीच वाटी पाणी घातलं, जुन्या तांदळाले घालतात तेवढं. भिजवूनबी ठेवला असंल."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "आईनं सांगतलं होतं. मी काढून टाकलं."

"आमीबी हासलो."

"पान माहं आहे," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, ती तो फोटो पानावरून पुसून टाकेल. तिला ते करता येत होतं, एका बोटाने. तिने तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती यादी घेऊन छतावर चढली आणि फोन लावू लागली. सत्तावीस तक्रारी होत्या. तिने शंभरच्या शंभर लोकांना फोन केले.

"ज्यायनं तक्रार नाही केली, त्यायले कायले?" मी खालून विचारलं.

"जो बोलला त्याले अजून आशा आहे, काका. जो बोललाच नाही तो गेला. त्याले आधी पकडाव लागते."

सहा दिवस लागले. मी अंगणात बसून तिच्या बाजूचं बोलणं ऐकत होतो. शिव्या खात होती, ते कळायचं, कारण तेव्हा ती फक्त "हो, बरोबर आहे" म्हणायची. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. कशात शिजवला? पाणी किती? भिजवला होता का? उत्तर वहीत. कुणी फोन कापला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका माणसाने चारदा कापला. पाचव्यांदा बोलला. शंभरातल्या त्र्याहत्तर घरांत तांदूळ कुकरात गेला होता.

मी म्हणालो, मग लिहून दे ना, कुकर नको म्हणून. ती म्हणाली, "त्यायच्या घरी गंज नाही, चूल नाही, पेज काढायले वेळ नाही. त्यायच्या कुकरात हा तांदूळ कसा होईल, ते आपल्याले शोधाव लागंल."

मग अंगणात गॅसची शेगडी मांडली गेली. तिने तीन घरांचे तीन कुकर आणले. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. खळ. पावणेदोन. खळ. दीड वाटी, दोन शिट्ट्या. चिकट. प्रत्येक वेळी घड्याळ, वही, फोटो. मी दाणा बोटात दाबून सांगायचो. एकदा मी म्हटलं, आता बरा आहे. तिने ताट माझ्यापुढून ओढून घेतलं. "बरा नको, काका. मिलवर तुम्ही बरा चालू देत होते का?"

मी देत नव्हतो.

बिघडलेला भात गाईंना जात होता. सुशिलाबाई म्हणाली, "गावातल्या गाई आता माह्याच दारात पत्ता विचारत येतात."

सतराव्या वेळी जमलं. भिजवायचा नाही. एक वाटीला सव्वा वाटी पाणी. एक शिट्टी, गॅस बंद, दहा मिनिटं हात लावायचा नाही. तिन्ही कुकरांत दाणा सुटा झाला. तरी तिने आणखी तीनदा केलं, तेच होतं का पाहायला. मला आयुष्यात चांगले कामगार भेटले. जमलेलं काम खात्रीसाठी पुन्हा तीनदा करणारा एकही भेटला नव्हता.

तिने कोल्हापूरच्या बाईंना दुसऱ्यांदा फोन लावला. त्या वेळी मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

"ताई, चूक आमची आहे. नवा तांदूळ आहे हे आम्ही लिहिलं नाही. तुमचा फोटो मी पानावर सगळ्यांत वर लावू का?"

मग बाई म्हणाल्या, "वर? मला वाटलं काढायला सांगणार."

"नाही. वर."

"लावा मग," बाई म्हणाल्या. जरा थांबून विचारलं, "पाणी किती म्हणालात?"

नवं पान तयार झालं. सगळ्यांत वर खळीचं ताट. खाली एक ओळ: हे आमच्या चुकीने झालं. त्याखाली पाच फोटो, वाटी, पाणी, शिट्टी, घड्याळ, भात. शेवटी गंज आणि पेज, ज्याला हवं त्याच्यासाठी. सगळं मिळून आधीच्या पानापेक्षा हलकं. ते तिने कसं केलं मला कळलेलं नाही. ढाब्यावर जाऊन नऊ ट्रकवाल्यांच्या फोनवर उघडून पाहिलं, मग शंभर घरांना पाठवलं.

आठ दिवस काही झालं नाही. एकही मागणी नाही. दुर्गाप्रसाद रोज संध्याकाळी तिच्या घरावरून जायचे आणि पुढच्या खोलीकडे एकदा पाहायचे. नवव्या दिवशी कोल्हापूरच्या बाईंनी दुसरा फोटो टाकला. तेच ताट, काठाला तोच निळा पट्टा. दाणा सुटा. खाली लिहिलं: आज घरभर वास आहे. आणखी दोन पिशव्या पाठवा, एक बहिणीला.

मग हळूहळू सुरू झालं. शिव्या देणाऱ्यांपैकी बरेच परत आले. ज्याने चारदा फोन कापला होता त्याने शेजाऱ्यांची नावं दिली. गावातल्या बायका पिशव्या भरायला बसल्या. ट्रकवाले कोहमाऱ्यावरून खोकी नागपूरला कुरियरपर्यंत नेऊन देऊ लागले.

एका दुपारी तिने मला छतावर बोलावलं आणि फोन हातात दिला. नावांची यादी होती, गावांसहित. सांगली, हुबळी, वडोदरा, ठाणे, जोधपूर. एक नाव पोर्ट ब्लेअरचं.

"हे कोठं आहे?"

"समुद्रात, काका. बेटावर."

"आपला धान समुद्रात गेला?"

"गेला. एक नर्सबाई आहे. ड्युटीवरून आली की रांधते, असं लिहिलं तिनं." मग म्हणाली, "मिलवर मी तुम्हाले विचारलं होतं. आठवते?"

मला आठवत होतं. मी यादी वरून खाली वाचली, मग पुन्हा वरून वाचली. चौतीस वर्षं माझ्या हातून किती पोती गेली असतील याचा हिशेब नाही. आज पहिल्यांदा कळत होतं, ताट कोणाचं आहे. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

होळीच्या आदल्या दिवशी दुर्गाप्रसाद आले. थेट पुढच्या खोलीत गेले. कोपऱ्यात दोन पोती उरली होती.

"दोन राह्यली."

"होय जी, राह्यली."

"होळीपर्यंत म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतं."

त्यांनी एका पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ काढला, वास घेतला. "एक माह्या घरी पाठवजो. पोरीच्या सासरी द्याचं आहे." दारापर्यंत गेले आणि वळले. "आन् तुह्या बापाले सांग, चिन्नोरचं बियाणं वेगळं काढून ठेव म्हणा. माह्या चार एकराले पुरंल तेवढं."

"सांगतो जी."

"आता तं तो खळीचा फोटो काढून टाक. गावाची बदनामी."

"नाही काढत जी. तोच पाहून लोक थांबतात. थांबले की खालचं वाचतात."

दुर्गाप्रसादांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिला समजवावं म्हणून. मी नाही समजवलं. ते मान हलवत गेले.

भूमेश्वरीने खिशातून जुना फोन काढला, काच फुटलेला. एका ड्रायव्हरने नवा घेतला तेव्हा तिने त्याच्याकडून हा मागून घेतला होता. फोनला खालीही थोडं नेट मिळायचं; पान उघडायला लावलं आणि ते उघडेपर्यंत सेकंद मोजू लागली. मीही मोजले. अकरा झाले.

"काल नऊ होते," ती म्हणाली. जिना चढून टिनाखाली जाऊन बसली, आणि काय जड झालं ते शोधू लागली.